पातंजल यम आणि गृहस्थाचा व्यवहार

योगावर मराठींत लिहिलेलें वाङ्मय थोडें नाहीं, आणि तें वाचणारेही थोडे नाहींत. परंतु या वाङ्मयाचा एक चमत्कारिक विशेष असा कीं, मूळ ग्रंथांत ज्या विषयास जेवढें महत्त्व आहे त्याच्या नेमकें उलट महत्त्व त्यास येथें मिळतें. पतंजलीच्या १९५ सूत्रांपैकीं आसनाविषयीं अवघीं ३ सूत्रें आहेत. यम व नियम यांविषयीं १६ आहेत. आमच्या पुस्तकांत मात्र आसनांचीं चित्रें पानोपानीं सांपडतात, आणि यमनियमांचा निकाल प्रस्तावनेंतील एखाद्या परिच्छेदांत लागतो. डिसेंबर २०१४ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें २१ जून हा योगदिन ठरविला. तेव्हांपासून तर योग म्हणजे सकाळीं सतरंजी पसरून करावयाचा व्यायाम, ही समजूत शाळेंतील मुलांपर्यंत पोहोंचली आहे.

या व्यायामाचा उपहास करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनप्राणायामांची शास्त्रीय परीक्षा आरंभिली, हें कार्य मोठें आहे. पुण्याच्या अय्यंगारांनीं जगास आसनें शिकविलीं. पण १९६६ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या आरंभीं यमनियमांचें विवेचन आहे, हें त्यांची चित्रें पाहणारांच्या लक्षांत रहात नाहीं. आमची तक्रार आहे ती विवरणकारांविषयीं. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पांच यम म्हणजे समाधीच्या जिन्याची पहिली पायरी, असें सांगून ते भराभर वर चढतात. आणि खालीं उभ्या असलेल्या गृहस्थाची समजूत अशी होते कीं, जिना चढावयाचा नसेल तर पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याचेंही कारण नाहीं. ही समजूत चुकीची आहे. यम हे संसारी माणसाला लागू पडतात. इतकेंच नव्हे, तर त्यांची खरी परीक्षा संसारांतच होते, असें आम्हांस दाखवावयाचें आहे.

परीक्षेसाठीं आम्ही हिमालयांतील गुहा न घेतां कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यांतील बिद्री हें गांव घेतों. हा मुलूख दूधगंगेच्या खोऱ्याचा, उसाचा. येथील सहकारी साखर कारखान्याच्या नांवांत दूधगंगा आणि वेदगंगा अशा दोन्ही नद्या आहेत, आणि त्याच्या परिसरास मौनीनगर म्हणतात. ज्यांच्या दर्शनास शिवछत्रपति गेले अशी परंपरा आहे, त्या पाटगांवच्या मौनीमहाराजांचें नांव अशा रीतीनें गाळपाच्या धुराड्याखालीं नांदत आहे. बाळूमामांचें आदमापूरही येथून जवळच. अमावास्येस तिकडे जाणारांची रीघ लागते. तेव्हां भक्ति या मुलखास परकी नाहीं. पण दिवसाचा बराचसा काळ माणसाचें मन देवळांत नसतें. तें बांधावर, पाण्याच्या पाळीवर, उसाच्या तोडीवर आणि वजनकांट्यावर असतें. या चार ठिकाणीं जें शास्त्र मुकें होतें, त्याला नित्याच्या अध्यात्माचें शास्त्र म्हणण्यांत अर्थ नाहीं. पातंजल शास्त्र तेथें मुकें होत नाहीं, असें आमचें मत आहे.

याचें प्रमाण दुसऱ्या पादाच्या एकतिसाव्या सूत्रांत आहे. यम हे जाति, देश, काल आणि समय या चार मर्यादांनीं तोडले गेले नाहींत तरच तें महाव्रत, असा त्याचा आशय. 'समय' म्हणजे येथें वेळ नव्हे. समय म्हणजे संकेत अथवा प्रसंगाची सबब. या सूत्रावर व्यासभाष्यांत जो दृष्टांत आहे तो इतका घरगुती आहे कीं, विवरणकारांनीं त्याकडे दुर्लक्ष कां करावें हेंच समजत नाहीं. एक कोळी म्हणतो कीं, मी मासे तेवढे मारतों, इतर प्राण्यांस दुखवीत नाहीं. ही जातीची मर्यादा. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणीं मारणार नाहीं, ही देशाची. तिसरा चतुर्दशीस मारीत नाहीं, ही कालाची. चौथा देवब्राह्मणांच्या कामापुरतेंच मारतों म्हणतो, ही समयाची. या चौघांपैकीं एकही दुष्ट नाहीं. प्रत्येकाजवळ व्रत आहे. फक्त प्रत्येकाच्या व्रतास एक दार ठेवलेलें आहे, आणि तें दार नेमकें त्याच्या पोटापाण्याच्या बाजूस उघडतें.

आतां हाच दृष्टांत उसाच्या मुलखांत आणून पाहूं. भाऊबंदानें बांध कोरून वीतभर जमीन ओढली तर ती चोरी, पण आपण गायरानांत चार सऱ्या सरकलों तर ती वहिवाट: येथें अस्तेयास जातीची मर्यादा पडली. माळकरी माणूस मंदिराच्या पायरीवर खोटें बोलणार नाहीं, पण बाजारांत गुळाचा भाव सांगतांना त्यास तशी अडचण वाटत नाहीं: ही देशाची मर्यादा. एकादशीस आणि श्रावणांत जो संयम पाळला जातो तो इतर दिवशीं पाळण्याची गरजच नाहीं, असें गृहीत धरणें ही कालाची. आणि निवडणूक आली, लग्न निघालें, पाळी चुकली, म्हणजे 'एवढ्यापुरतें चालायचेंच' हें जें वाक्य गांवोगांव ऐकूं येतें, तें समयाच्या मर्यादेचें शुद्ध मराठी भाषांतर आहे. हे दोष एका गांवाचे नव्हेत. शहरांतील कचेऱ्यांत आणि विद्यालयांत ते याहून सफाईनें होतात. मुद्दा इतकाच कीं, हें सूत्र संन्याशास उद्देशून असतें तर त्यांत अशा सबबींची मोजदाद करण्याचें कारण नव्हतें. सबब सांगण्याची पाळी संसारी माणसावरच अधिक येते.

याच प्रकरणांतील दुसरें महत्त्वाचें सूत्र चौतिसावें. हिंसा वगैरे दोष तीन प्रकारचे: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले, आणि दुसऱ्यानें केले असतां संमत केलेले. त्यांच्या मुळाशीं लोभ, क्रोध किंवा मोह. आणि त्यांची तीव्रता मृदु, मध्य किंवा अधिमात्र. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. आणि व्यास या तीव्रतेचेही पुन्हां तीन तीन पोटभेद करून हिंसेचे ८१ प्रकार मोजतात. हा हिशेब पाहून पुष्कळांस हंसूं येतें. परंतु आमच्या मतें या जमाखर्चांतच सूत्रांची नीति आधुनिक काळास अधिक लागू पडते. कारण आजचा व्यवहार असा झाला आहे कीं, स्वतः हातानें केलेल्या दोषांची संख्या कमी होत चालली आहे, आणि करविलेल्या व संमत केलेल्या दोषांची वाढत चालली आहे.

ऊसतोडीचेंच उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत येतात. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. माणसाचें नांव जाऊन हत्याराचें नांव लागतें. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं थंडींत पहांटे उठून तोड करावयाची, पालांत रहावयाचें, आणि मुलांची शाळा मध्येंच तुटावयाची, असा हा क्रम. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं राज्यशासनास समिति नेमावी लागली, हें सर्वांस ठाऊक आहे. आतां या दुःखाचा कर्ता कोण? शेतकरी म्हणेल, मीं कोणाच्या अंगास बोट लावलें नाहीं. मला तर तोड मिळावी म्हणून वर खुशाली द्यावी लागते. मुकादम म्हणेल, उचल तर त्यांनींच मागितली. चहांत साखर घालणाऱ्या शहरी वाचकास तर हा प्रश्न आपल्याला विचारला आहे हेंच कळणार नाहीं. कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द हातीं घेतले म्हणजे मात्र प्रत्येकाचा वाटा त्याच्या पदरीं पडतो. आणि मृदु, मध्य, अधिमात्र हे तीन शब्द घेतले म्हणजे सर्वांस एकाच मापानें दोषी ठरविण्याचा अन्यायही टळतो. सहकारी संस्थेंत तर प्रत्येक सभासद मालक असतो. तेव्हां सभेंत वर केलेला हात आणि न उच्चारलेला शब्द हे दोन्हीही अनुमोदनच होत, हें योगशास्त्रानें सहकारी कायद्याच्या कित्येक शतकें आधीं सांगून ठेविलें आहे.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, एवढें कडक व्रत घेऊन गृहस्थानें जगावें कसें? हा आक्षेप खरा आहे, आणि पतंजलीनें त्याचें उत्तर दिलेलें नाहीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. उत्तर याच भूमींत नांदणाऱ्या दुसऱ्या एका परंपरेनें दिलें आहे. कोल्हापूर आणि सांगली या भागांत शेती करणारा जैन समाज मोठा आहे, आणि कोल्हापुरांत लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ आहे. जैनांचीं पांच व्रतें आणि पतंजलीचे पांच यम यांचीं नांवें जवळजवळ सारखींच. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायांत साधूचें महाव्रत आणि गृहस्थाचें अणुव्रत असा भेद केलेला आहे. याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे त्यापुढें दिलेली अतिचारांची यादी. अहिंसेच्या अतिचारांत जनावरास बांधून ठेवणें, मारणें, त्याचा अवयव छेदणें, त्यावर प्रमाणाबाहेर भार लादणें, आणि त्याचें अन्नपाणी तोडणें हे पांच मोजले आहेत. अस्तेयाच्या अतिचारांत चोरास प्रवृत्त करणें, चोरीचा माल घेणें, राज्याचे निर्बंध चुकविणें, खोटीं वजनेंमापें ठेवणें, आणि मालांत भेसळ करणें हे आले आहेत. उसानें शीग लावून भरलेली बैलगाडी चढावर अडली आहे आणि बैलाच्या तोंडाला फेस आला आहे, हें दृश्य गाळपाच्या हंगामांत ज्यानें पाहिलें असेल, त्याला 'अतिभारारोपण' या शब्दाचा अर्थ कोशांत पहावा लागणार नाहीं.

मग अणुव्रत म्हणजे पुन्हां ती मर्यादाच झाली नाहीं काय? आमच्या मतें नाहीं. अणुव्रत घेणारा आपलें व्रत लहान आहे असें उघड म्हणतो, आणि त्या लहान व्रतास भोंकें पडूं नयेत म्हणून अतिचारांची राखण करतो. मर्यादा घालणारा व्रत मोठें आहे असेंच सांगतो, आणि पळवाट मात्र आपल्यापाशीं गुप्त ठेवतो. पहिल्यांत प्रामाणिकपणा आहे, दुसऱ्यांत नाहीं. सारांश, पतंजलीचें सूत्र आरसा म्हणून घ्यावें आणि जैनांचें अणुव्रत पायवाट म्हणून घ्यावी. दोन्ही एकमेकांस पूरक आहेत. मराठींतील योगग्रंथांनीं ही तुलना फारशी कां केली नाहीं, याचें उत्तर पंथाभिमानाखेरीज दुसरें आम्हांस दिसत नाहीं.

याहून गंभीर आक्षेप लोकमान्य टिळकांच्या बाजूनें येईल. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणांत त्यांनीं अहिंसा, सत्य, अस्तेय या सर्वांस अपवाद आहेत असें महाभारतांतील कथा देऊन दाखविलें आहे. दुष्काळांत श्वानमांस चोरूं पाहणारा विश्वामित्र तेथें आहे, आणि खरें बोलून निरपराध्यांचा घात करणारा मनुष्यही आहे. मग सार्वभौम महाव्रताचें काय राहिलें? वरवर पाहतां टिळक आणि पतंजलि येथें समोरासमोर उभे ठाकतात. पण बारकाईनें पाहिल्यास विरोध वाटतो तेवढा नाहीं. सत्याची व्याख्या करतांना व्यासही म्हणतात कीं, वाणी भूतमात्राच्या हितासाठीं आहे. जी वाणी प्राण्यांच्या घातास कारण होते ती सत्यासारखी दिसली तरी पापच होय. म्हणजे अपवाद त्यांसही ठाऊक आहे. भेद आहे तो अपवादाची किंमत कोण देतो यांत. दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठीं जो आपल्या सत्यव्रतास डाग लावून घेतो तो किंमत स्वतः देतो. निवडणुकीपुरतें खोटें बोलणारा ती दुसऱ्यास द्यावयास लावतो. टिळकांचे अपवाद पहिल्या जातीचे आहेत, कोळ्याच्या सबबी दुसऱ्या. गीतारहस्याचे वाचक हा विवेक विसरून आपल्या प्रत्येक सोयीस धर्मसंकटाचें नांव देऊं लागले, तर तो दोष ग्रंथाचा नव्हे. तथापि टिळकांनीं हा विवेक याहून ठसठशीतपणें मांडला असता तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

मराठीपुरतें बोलावयाचें तर यमांचें सर्वोत्तम विवरण योगग्रंथांत नाहींच. तें ज्ञानेश्वरींत आहे. शके १२१२ मधील या ग्रंथाचा सहावा अध्याय कुंडलिनीच्या वर्णनासाठीं लोक भक्तिभावानें वाचतात. पण तेराव्या अध्यायांतील अहिंसेचें निरूपण वाचून किती जण थांबतात? यज्ञासाठीं आणि औषधासाठीं होणाऱ्या हिंसेची परखड झडती घेऊन ज्ञानेश्वर पुढें अहिंसक मनुष्य पाऊल कसें टाकतो, पाहतो कसें, बोलतो कसें, त्याचे हात काय करतात, हें सांगत जातात. महाव्रत येथें तत्त्व रहात नाहीं. तें चालण्याबोलण्यांत उतरतें. नित्याच्या जीवनांत योग आणणें म्हणजे याहून दुसरें काय?

हीच दिशा पुढें गांधींनीं धरली. १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून साबरमती आश्रमास त्यांनीं दर मंगळवारीं प्रभातकाळच्या प्रार्थनेनंतर जीं पत्रें लिहिलीं, तीं 'मंगलप्रभात' या नांवानें प्रसिद्ध आहेत. आणि विनोबांनीं 'अभंगव्रतें' लिहून तीं व्रतें मराठींत आणलीं. ज्या वस्तूची आपणांस खरी गरज नाहीं ती घेणें हीही चोरीच, असा अस्तेयाचा अर्थ गांधींनीं वाढविला. हा अर्थ नदीकांठच्या ऊसमळ्यास लावून पाहण्यासारखा आहे: गरजेपेक्षां अधिक पाणी पाजून जमीन चोपण करणारा आणि खालच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी ठेवणारा कायद्यानें चोर ठरत नाहीं, अस्तेयानें ठरतो. पण आश्रमाच्या एकादश व्रतांची खरी नवलाई निराळ्या ठिकाणीं आहे. पांच यमांत गांधींनीं शरीरश्रम आणि अस्पृश्यतानिवारण यांची भर घातली. कारण यम पिढ्यान्पिढ्या शिकविले जाऊनही अस्पृश्यतेस धक्का लागला नव्हता. अहिंसेस जातीची मर्यादा नसावी असें सूत्र म्हणतें. तेथें 'जाति' शब्दाचा अर्थ प्राण्यांचा वर्ग असा आहे हें खरें. परंतु तोच शब्द डोळ्यांपुढें असतां गांवकुसाबाहेरच्या माणसाची आठवण कोणाही टीकाकारास होऊं नये, हें आमच्या विवरणपरंपरेवरचें सर्वांत मोठें लांछन आहे. बिद्री ज्या तालुक्यांत आहे त्या कागलच्या जहागिरींत तेव्हां मोडणाऱ्या माणगांवीं १९२० च्या मार्च महिन्यांत अस्पृश्यांची परिषद भरली; डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू छत्रपति तेथें स्वतः उपस्थित राहिले. महाव्रताचा जो अर्थ पंडितांच्या टीकेंत उमटला नाहीं, तो त्या मांडवांत उमटला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां थोडें चित्तशुद्धीविषयीं. कृष्णाजी केशव कोल्हटकर यांनीं आपल्या विस्तृत ग्रंथाच्या नांवांतच पातंजल योगदर्शनास 'भारतीय मानसशास्त्र' म्हटलें आहे. चमत्काराच्या धुक्यांतून योग बाहेर काढण्यास ही दृष्टि फार उपयोगी आहे. तिच्यांत धोका इतकाच कीं, नीति ही केवळ आपल्या मनाच्या स्वास्थ्याची युक्ति होऊन बसते. पतंजलीच्या मूळ रचनेंतच या धोक्यास जागा आहे, हेंही कबूल केलें पाहिजे; त्याचें ध्येय कैवल्य आहे, समाजाची घडी नव्हे. तथापि तो सांगतो ती वाट दुसऱ्या माणसाच्या अंगणांतूनच जाते. सुखी माणसाविषयीं मैत्री, दुःखी माणसाविषयीं करुणा, पुण्यवानाविषयीं मुदिता आणि पापी माणसाविषयीं उपेक्षा, यांनीं चित्त प्रसन्न होतें असें तो म्हणतो. या चारींत करुणा त्यांतल्या त्यांत सोपी. शेजाऱ्याचा ऊस वाळला तर हळहळ वाटते; त्याची तोड आपल्या आधीं आली आणि त्याचें वजन आपल्यापेक्षां चांगलें भरलें, तर जो आनंद व्हावयास पाहिजे तो होतो काय, ही खरी परीक्षा. ध्यानास बसलें असतां मन कां लागत नाहीं अशी तक्रार करणारांनीं प्राणायामाची मात्रा वाढविण्यापूर्वीं हें एकदां तपासून पहावें. ज्याच्या मनांत कांट्यावरची चिठ्ठी सलते आहे, त्याच्या नासाग्रावर दृष्टि ठरणार कशी?

यमांची फळें सांगणाऱ्या सूत्रांनीं मात्र वाचकाची दिशाभूल केली आहे. अस्तेय स्थिर झालें म्हणजे सर्व रत्नें आपण होऊन जवळ येतात, असें वाचून ज्याच्या तोंडास पाणी सुटेल त्याला अस्तेय कळलेंच नाहीं. ही अतिशयोक्ति पतंजलीनें टाळली असती तर त्याचा ग्रंथ सिद्धींच्या बाजारांत इतका विकला गेला नसता. पण फळें बाजूस ठेवलीं तरी राहतें तें थोडें नाहीं. आपल्या प्रत्येक व्रतास कोणतें दार ठेवलें आहे, तें कोणाच्या सोयीसाठीं उघडतें, आणि आपण न करतां करविलेलें किती, हे तीन प्रश्न विचारण्याची शिस्त या सूत्रांनीं दिली आहे. या प्रश्नांसाठीं घर सोडावें लागत नाहीं, गुरु शोधावा लागत नाहीं, सतरंजीही लागत नाहीं. मराठींत यापुढें जो कोणी योगसूत्रांचें विवरण लिहील, त्यानें समाधिपादावर कितीही पानें खर्चावीं. पण त्या कोळ्याच्या दृष्टांतापाशीं अंमळ थांबावें, आणि आपल्या गांवांतील बांध, पाळी, तोड आणि कांटा त्याशेजारीं मांडून दाखवावे. तसें विवरण अद्याप व्हावयाचें आहे. आणि तें होईपर्यंत योग आमच्या अंगांत भिनला असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.